तीन ग्रॅम

पितळी वजनाला उघड्या हाताने शिवायचं नसतं.
बोटांचा घाम लागतो,
घामालाही वजन असतं.
म्हणून निळ्या मखमलीची पेटी, पेटीत चिमटा,
मऊ कातड्याचं फडकं.
एकवीस वर्षं ती पेटी मी
जीपमध्ये मांडीवर घेऊन बसलो,
तापलेल्या लेकराला दवाखान्यात न्यावं तशी.

सेलूच्या बाजारात मी शिरलो की
आधी तागड्या सरळ व्हायच्या, मग माणसं.
कुणी वजनाचा दगड पोत्याखाली सारायचा,
कुणी चहा सांगायचा.
चहा मी कधी घेतला नाही.
त्या न घेतलेल्या चहाची मला नशा होती,
हे आता कबूल करायला हरकत नाही.

मार्चअखेर पेटी परभणीला न्यायची असते,
आमची वजनं तिथल्या वजनांशी ताडून बघायला.
त्या साली पुतणीचं लग्न निघालं,
बस्ता, मांडव, आचारी.
मी रजिस्टरात तारीख टाकली, शेरा लिहिला:
तपासले. बरोबर.
दोनच शब्द. अक्षर माझं नेहमीच वळणदार.

ऑगस्टात पेटी खरोखरच परभणीला गेली.
काट्यावर नवीन पोरगी होती, वैजयंता.
तिनं दोन किलोचं वजन ठेवलं,
काचेचं दार लावलं, श्वास धरला.
मीही धरला, उगाच.
“सर, हे तीन ग्रॅम जास्त आहे.”
मागच्या दुरुस्तीत तळाच्या भोकात
कुणीतरी शिसं जास्त ओतलेलं.

तीन ग्रॅम म्हणजे काय?
चिमूटभर ओवा.
पण माझं जड, म्हणून त्यांचं हलकं ठरलेलं.
मार्च ते ऑगस्ट, सात पावत्या,
पाच सह्या, दोन अंगठे.

सोळुंके साहेब म्हणाले,
“कामून उकरून काढालाव?
वजन दुरुस्त करून घ्या. तारीख तर हाय रजिस्टरात.
अन् दंड काय सरकार परत करतंय का?”
साहेब वाईट नव्हते.
मला वाचवायचंच बघत होते ते.

अकरा दिवस मी काहीच केलं नाही.
हेही इथे लिहून ठेवतो.
जेवलो, झोपलो, व्यंकटी शिपायावर
विनाकारण दोनदा ओरडलो.

बाराव्या दिवशी साध्या कागदावर:
मार्चमधील नोंद मी न तपासता केली आहे.
एवढ्या एका वाक्याला चार कागद गेले.
पहिल्या तिन्हीत पुतणीचं लग्न येत होतं.

पुढे वेतनवाढ थांबली, ते चालायचंच.
मी एसटीने सेलूला गेलो,
पेटी नाही, जीप नाही, नुसता मी.
चार जण भेटले. एकाने शिवी दिली, ती घेतली.
वाळल्या मिरच्यांच्या ढिगामागे हलीमाबी.
म्हटलं, “मावशी, तुमचं माप बरोबर होतं.
चूक माझी होती.”

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, “या अल्ला.
तुम्ही पावती फाडली तवापासून
मी हर तोलावर मूठभर वरून टाकते, साहेब.
म्हटलं, कुणाचं आपल्याकडं राहाया नको.”

मार्च ते ऑगस्ट.
दर बाजारी किती गिऱ्हाइकं, किती मुठी,
मी हिशोब मांडू लागलो आणि सोडून दिला.
असं काही तोलायला
मला सरकारने कधी दिलं नव्हतं.

अर्धा किलो मिरच्या घेतल्या, पैसे पुरते दिले,
तिनं ते मोजून घेतले.
काटा बरोबर मध्ये थांबला
आणि तिचा हात ढिगाकडे गेला,
मूठभर वर पडलीच.
“आता कशाला?” म्हटलं.
“सवय लागली,” म्हणाली.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर होती.
चिमटा नाही, फडकं नाही.
बोटांना सगळं तिखट लागलेलं,
त्यामुळे मानवत येईस्तोवर
डोळे पुसायची काही सोय नव्हती.